एका भांडखोर माणसाचं बायबल

पांतेलेइमोन कुलिश हा युक्रेनी लेखक मला फारसा आवडत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. एकोणिसाव्या शतकातल्या युक्रेनबद्दल वाचायला बसलं की जीव जडतो तो तारास शेवचेन्कोवर. भूदासाच्या पोटी जन्मलेला, चित्रकार, कवी, आणि कवितांपायी झारनं दहा वर्षं साधा शिपाई म्हणून दूरच्या ओसाड किल्ल्यांवर धाडलेला. असा माणूस आवडायला कष्ट पडत नाहीत. कुलिश त्याचा मित्र. त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, चांगला शिकलेला, हुशार, आणि स्वतःच्या हुशारीची पुरेपूर जाणीव असलेला. त्यानं आयुष्यात जवळजवळ प्रत्येकाशी भांडण काढलं. मित्रांशी, संपादकांशी, पोलिश सरदारांशी, युक्रेनच्या जुन्या लढवय्या कोझॅकांच्या इतिहासाशी, आणि शेवटी तर मेलेल्या शेवचेन्कोशीसुद्धा.

तरी मी परत परत त्याच्याकडेच वळते. पोटापाण्यासाठी मी अनुवाद करते. त्यातला बराचसा करारनामे आणि माहितीपत्रकं असल्या कोरड्या मजकुराचा, मधूनच एखादी कथा किंवा लेख. या धंद्यातल्या माणसाला कुलिशच्या आयुष्यातली एक घटना चुकवता येत नाही. 1885 साली त्याच्या घराला आग लागली. बायबलमधल्या जुन्या कराराचा युक्रेनी अनुवाद, जवळजवळ पुरा होत आलेला, त्यात जळाला. कुलिश तेव्हा 66 वर्षांचा होता. त्यानं काम पुन्हा सुरू केलं.

पुन्हा सुरू केलं, हे तीन शब्द लिहायला किती सोपे. जुना करार म्हणजे उत्पत्तीपासून मलाखीपर्यंत 39 पुस्तकं. कवीची कविता जळाली तर ती होती तशी पुन्हा येणार नाही, पण कदाचित दुसरी येईल, आणि गेलेली कविता फार थोर होती असं उरलेलं आयुष्यभर म्हणत राहायची सोय तर असतेच. अनुवादकाला तीही सोय नाही. मूळ ग्रंथ समोर जसाच्या तसा पडलेला असतो. वंशावळ्याही त्याच, मंदिराची मापंही तीच, लेवीय पुस्तकातले होमबलीचे नियमही तेच. आपल्याला काय काय परत करायचं आहे याची त्याला नेमकी मोजदाद असते. सगळं ठाऊक असताना पुन्हा पहिल्या अध्यायाला हात घालणारा माणूस एक तर संत असणार, नाही तर कमालीचा हट्टी. कुलिश संत नव्हता.

तो जन्मला 1819 मध्ये, चेर्निहिव प्रांतातल्या वोरोनिझ नावाच्या गावी. (रशियातलं मोठं वोरोनेझ शहर ते हे नव्हे.) बाप कोझॅक वंशातला खाऊनपिऊन सुखी शेतकरी. आई कोझॅक अधिकाऱ्याची मुलगी, गाण्यांचं भांडार, आणि बोलायची ती फक्त युक्रेनी. मुलगा नोव्होरोद-सिवेर्स्की इथल्या शाळेत शिकला आणि कीवच्या विद्यापीठात पोचला, पण पूर्ण विद्यार्थी म्हणून त्याला तिथं टिकता आलं नाही, कारण घराणं उमरावाचं असल्याचे कागद बापाला दाखवता आले नाहीत. कोझॅक म्हणजे एके काळी तलवार गाजवणारे, पण रशियन साम्राज्याच्या वहीत त्यांच्यातल्या बहुतेकांची नोंद शेतकरी अशीच होती. या अपमानाचा काटा कुलिशच्या मनात शेवटपर्यंत राहिला असावा असं मला वाटतं. कोझॅकांबद्दल तो आयुष्यभर लिहीत राहिला, आधी भक्तिभावानं आणि नंतर दात-ओठ खात.

‘चोर्ना रादा’ ही त्याची कादंबरी. नावाचा अर्थ काळी सभा, म्हणजे सामान्य रयतेची सभा. 1663 मध्ये निझिन गावाबाहेर कोझॅकांनी नवा हेतमान, म्हणजे आपला प्रमुख, निवडला त्या दिवसाभोवती ती रचलेली आहे. एका बाजूला सरळ, कर्तबगार सोम्को. दुसऱ्या बाजूला गरिबांना लुटीची आशा दाखवून आपलंसं करणारा ब्रुखोवेत्स्की. गर्दी ब्रुखोवेत्स्कीला निवडते, सोम्कोचं डोकं उडवलं जातं, आणि ज्यांनी जयजयकार केला त्यांच्या हाती काही लागत नाही. कादंबरी संपूर्ण युक्रेनीत छापून निघाली 1857 मध्ये, आणि युक्रेनीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा मान आहे. त्याच 1857 मध्ये आपल्याकडे बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं, ज्याला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. दोन्ही लेखक पुढं बायबलच्या वाङ्मयाशी आयुष्यभराचे बांधले गेले. यातून काही सिद्ध होत नाही, पण असला योगायोग दिसला की मला तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गर्दीबद्दलचा अविश्वास या कादंबरीतच पुरता दिसतो. पुढं कुलिशनं जे जे अप्रिय लिहिलं त्याची मुळं इथंच आहेत.

आता 1847. जानेवारीत बोर्झ्नाजवळच्या मोत्रोनिव्का या वस्तीवर कुलिशचं ओलेक्सांद्रा बिलोझेर्स्काशी लग्न झालं. नवरदेवाचा सोबती म्हणून शेवचेन्को उभा होता. रात्रभर त्यानं गाणी म्हटली म्हणतात. कुलिशच्या आठवणींत एक गोष्ट येते. नवऱ्या मुलीनं आपला हुंडा आणि दागिने देऊन शेवचेन्कोला चित्रकला शिकायला इटलीला पाठवायचं ठरवलं होतं, आणि पैसे कुणाचे हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी! या संपूर्ण कहाणीत मला मनापासून आवडणारं माणूस कुठलं असेल तर ते हीच.

इटली राहिली बाजूला. त्याच वसंतात कीवमधलं सिरिल आणि मेथोडियस यांच्या नावाचं गुप्त मंडळ पोलिसांना सापडलं. भूदासपद्धती जावी, स्लाव लोकांचं बरोबरीच्या नात्यानं संघराज्य व्हावं, अशी स्वप्नं पाहणारे हे मूठभर प्राध्यापक आणि विद्यार्थी. शेवचेन्कोला कीवच्या वेशीवर पकडलं. स्लाव भाषांच्या अभ्यासासाठी नव्या बायकोसह परदेशी निघालेला कुलिश वॉर्सात पकडला गेला. तो मंडळाचा रीतसर सभासद नव्हताच असं चौकशीत ठरलं, पण त्याचं लेखन सरकारला पुरेसं धोक्याचं वाटलं. काही महिने किल्ल्यात कैद, मग रशियातल्या ‘तुला’ नावाच्या शहरी हद्दपारी. शेवचेन्को चौकशीत ताठ राहिला, कुलिशनं पश्चात्तापाची पत्रं लिहिली. दहा वर्षांची शिपाईगिरी आणि तीन वर्षांची तुलामधली हद्दपारी, या दोन शिक्षांमधलं अंतर त्यानंतर दोघांच्या नात्यातून कधी पुरतं गेलं नसेल. निदान कुलिशच्या बाजूनं तरी नाही. आपल्यापेक्षा जास्त सोसलेल्या मित्राला माफ करणं कठीण असतं.

ओलेक्सांद्रा त्याच्याबरोबर तुलाला गेली. तिथं त्यानं काय केलं? भाषा शिकला. सरकारी कचेरीत कारकुनी आणि उरलेल्या वेळात परक्या भाषांची पुस्तकं. हद्दपारीचा असा उपयोग करणारे लोक पाहिले की मला थोडी लाज वाटते, पण ते राहू दे.

पीटर्सबर्गला परत आल्यावर स्वतःच्या नावानं छापायची त्याला बंदी होती. मग टोपणनावानं त्यानं गोगोलचं चरित्र लिहिलं, 1856 मध्ये दोन भागांत. त्याच सुमारास दक्षिण रशियाबद्दलच्या टिपणांचे दोन खंड काढले, ज्यांत लोकगीतं, कहाण्या, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी आहेत. बोलताना जसा उच्चार होतो तसं लिहावं, म्हणजे शेतकऱ्याच्या पोरालाही चटकन वाचता येईल, या विचारानं त्यानं युक्रेनीची लेखनपद्धती बसवली. तिला आजही ‘कुलिशिव्का’ म्हणतात. 1857 मध्ये त्याच पद्धतीनं बालबोध पुस्तक काढलं. स्वतःचा छापखाना टाकला. मार्को वोव्चोक या नावानं लिहिणाऱ्या अनोळखी बाईच्या कथा आल्या, त्या हातोहात उचलल्या, संपादित केल्या, छापल्या. मग तिच्या प्रेमात पडला, मग तिच्याशी बिनसलं. शेवचेन्कोच्या हयातीतली त्याच्या ‘कोब्झार’ या कवितासंग्रहाची शेवटची आवृत्ती, 1860 ची, कुलिशच्याच छापखान्यात निघाली.

पुढच्या वर्षी शेवचेन्को वारला. पीटर्सबर्गमध्ये त्याच्या शवपेटीपाशी कुलिश बोलला. ‘शेवचेन्कोच्या शवपेटीवर आपल्या मायबोलीतला शब्द उच्चारण्याच्या लायकीचा आपल्यात एकही नाही,’ हे त्याचं वाक्य युक्रेनमध्ये पाठ असतं. ते खरं वाटतंही. याच माणसानं साधारण पंधरा वर्षांनी शेवचेन्कोच्या काव्यदेवतेला अर्धवट झिंगलेली म्हटलं, हेही तितकंच पाठ असतं.

इथं थोडं थांबून एका दुसऱ्या, कुणाच्याच फारशा लक्षात नसलेल्या माणसाबद्दल सांगायला हवं. पिलिप मोराचेव्स्की हा निझिनच्या शिक्षणसंस्थेतला निरीक्षक. वागायला बोलायला सरळ, सरकारी नोकर, क्रांतीशी काडीचा संबंध नाही. 1860 च्या आसपास त्यानं चारी शुभवर्तमानांचा युक्रेनी अनुवाद केला आणि शहाण्या माणसासारखा परवानगीसाठी वर पाठवला. पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीतल्या पंडितांनी तो वाचून वाखाणला. मग कागद धर्मखात्याकडे गेले, तिथून गुप्त पोलिसांच्या वरिष्ठांकडे, कीवच्या गव्हर्नर-जनरलकडे, आणि एका साध्याभोळ्या अनुवादाचं राजकारण झालं. जुलै 1863 मध्ये गृहमंत्री वालुयेव्ह यानं गुप्त परिपत्रक काढलं. युक्रेनीत धार्मिक आणि शालेय पुस्तकं छापायची नाहीत. वेगळी अशी ‘लिटल रशियन’ (म्हणजे युक्रेनी) भाषा कधी नव्हती, आज नाही आणि असू शकत नाही, हे वाक्य त्यातलंच. गंमत म्हणजे वालुयेव्हनं ते स्वतःच्या तोंडी घातलं नाही. बहुतेक युक्रेनी लोकच असं म्हणतात, असं लिहिलं. राज्यकर्त्यांची ही लकब जुनीच.

कथा-कवितांना त्या परिपत्रकात सूट होती. हे मला फार बोलकं वाटतं. शेतकऱ्यांनी आपल्या बोलीत विरहगीतं गावीत, त्याला साम्राज्याची हरकत नाही. उलट ते गोडच दिसतं. पण मत्तयानं लिहिलेलं शुभवर्तमान त्या बोलीत आलं, की ती बोली राहत नाही. गाण्यांसाठी बोली पुरते. देवाशी, कायद्याशी, तत्त्वज्ञानाशी बोलायचं तर भाषा लागते, आणि भाषा म्हटली की तिची माणसं वेगळी ठरतात. पोलिसांना हे कळलं होतं. अनेक कवींना ते कळलेलं नव्हतं. कुलिशला कळलं होतं.

त्याच साम्राज्यात एस्तोनियन आणि फिनिश लोकांकडे त्यांच्या भाषेतलं बायबल होतं, त्याची कुणाला भीती वाटली नाही, कारण त्यांना कुणी रशियन समजत नव्हतं. युक्रेनी माणूस मात्र रशियनच, फक्त जरा खेडवळ, असं धरून चाललेलं होतं. आपल्याकडे परकी सत्ता नेमकी उलट वागली. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी 1811 मध्येच मराठी नवा करार छापला, मोल्सवर्थचा कोश 1831 चा. त्यांचे हेतू त्यांच्यापाशी, पण मराठी ही भाषा आहे का, हा प्रश्न कुठल्या इंग्रज अधिकाऱ्याला पडला नाही. मराठी बायबल छापण्यात ज्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीचा हात होता, तीच संस्था पुढं कुलिशच्या कहाणीतही येते.

परिपत्रकानंतर कुलिशनं काय करावं? 1864 मध्ये तो वॉर्साला जाऊन सरकारी नोकरीत शिरला. नुकताच पोलिश उठाव चिरडला होता आणि पोलंडचं रशियनीकरण करायला अधिकारी हवे होते. ज्या सत्तेनं त्याच्या भाषेचा गळा धरला होता तिच्याच पगारावर त्यानं दुसऱ्या भाषेच्या गळ्याला हात लावला. मला याचं समर्थन करता येत नाही आणि करायचंही नाही. दोन-तीन वर्षांनी, ऑस्ट्रियातल्या युक्रेनी नियतकालिकांशी संबंध तोडा असा दबाव आला, तेव्हा त्यानं नोकरी सोडली. तेवढं त्याच्या खात्यावर जमा.

ऑस्ट्रियातले युक्रेनी ही त्याची पळवाट होती. गॅलिशिया प्रांत, राजधानी लव्हिव, व्हिएन्नाच्या बादशहाच्या अमलाखाली. तिथं युक्रेनीत छापायला बंदी नव्हती. कुलिशनं बायबल हातात घेतलं. 1869 मध्ये लव्हिवमध्ये मोशेच्या पाच पुस्तकांचा अनुवाद निघाला, 1871 मध्ये स्तोत्रसंहिता, तीही पद्यात. स्वतःचं नाव घालता येत नव्हतं. स्तोत्रांवर छापलं पाव्लो राताय. राताय म्हणजे नांगऱ्या.

नव्या करारासाठी त्याला जोडीदार मिळाला तो व्हिएन्नात. इवान पुलुय, गॅलिशियातल्या एका खेड्यातला, धर्मशास्त्राचा विद्यार्थी, वय पंचविशीच्या आत-बाहेर. त्याला ग्रीक येत होतं आणि युक्रेनीत प्रार्थनापुस्तक हवं म्हणून तो आपल्या चर्चच्या वरिष्ठांशी आधीच झगडत होता. (पुढं तो पदार्थविज्ञानाकडे वळला, कॅथोड किरणांवर महत्त्वाचं काम केलं, प्रागमध्ये प्राध्यापक झाला. युक्रेनमध्ये आज त्याची ओळख मुख्यतः तीच आहे.) पन्नाशीचा तिरसट लेखक आणि त्याच्या निम्म्या वयाचा विद्यार्थी, दोघं ग्रीक मजकूर घेऊन बसले, शेजारी इतर भाषांतले अनुवाद पडताळायला. 1871 मध्ये व्हिएन्नात चारी शुभवर्तमानं छापली. संपूर्ण नवा करार 1880 मध्ये लव्हिवला. आश्चर्य म्हणजे या जोडीचं फाटलं नाही. दोन माणसांच्या मधोमध ठेवायला तिसरं, दोघांहून मोठं काहीतरी असलं की कुलिशचंही कुणाशी जमत असावं.

त्या नऊ वर्षांत बाहेर मात्र त्यानं सगळे पूल जाळले. 1874 ते 1877 मध्ये त्याचा तीन खंडांचा इतिहास आला, रशियात, रशियन भाषेत. कोझॅक हे स्वातंत्र्यवीर नसून लुटारू, सुसंस्कृत जीवनाचे शत्रू, असा सूर. शेवचेन्कोच्या काव्यदेवतेबद्दलचे ते शब्द याच पुस्तकातले. इतिहासकार कोस्तोमारोव्हसारखे जुने मित्र खवळले. त्याला वाटत होतं की आपण भाबडी भक्ती मोडून कागदपत्रांवर उभा असलेला इतिहास सांगतोय. काही ठिकाणी तो बरोबरही होता. भक्ती मोडायला निघालेल्या माणसाकडे स्वतःबद्दल शंका घ्यायची थोडी तरी ताकद लागते, ती त्याच्यात नव्हती. आणि वेळ तरी कुठली निवडावी! 1876 च्या मे महिन्यात जर्मनीतल्या एम्स या झऱ्यांच्या गावी हवापालटाला गेलेल्या अलेक्झांडर दुसऱ्यानं नव्या हुकमावर सही केली. परदेशात छापलेली युक्रेनी पुस्तकं साम्राज्यात आणायची नाहीत. आत छापायचं ते जुने दस्तऐवज आणि ललित साहित्य, तेही तपासणी करून आणि रशियन लेखनपद्धतीत, म्हणजे कुलिशिव्का बाद. युक्रेनी नाटकांचे प्रयोग बंद, स्वरलिपीखाली युक्रेनी शब्द छापणंही बंद. त्याच 1876 मध्ये रशियन धर्मखात्यानं आधुनिक रशियन भाषेतलं संपूर्ण बायबल पहिल्यांदा एका ग्रंथात प्रसिद्ध केलं.

कुलिशचा लव्हिवचा छपाईचा मार्ग उघडा राहिला, पण छापलेलं घरी न्यायचं तर चोरून. ज्या वाचकांसाठी तो लिहीत होता त्यातले बहुतेक सीमेच्या अलीकडे, पुस्तकं पलीकडे.

1882 मध्ये लव्हिवमध्ये त्याचा शेक्सपिअर आला. ‘ऑथेल्लो’, ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ आणि ‘कॉमेडी ऑफ एरर्स’, तीन नाटकांचा एक खंड. सुरुवातीच्या कवितेत तो शेक्सपिअरला बाप म्हणून हाक मारतो आणि तुझ्या मंदिरात आम्हाला आमचा रानटीपणा टाकू दे अशी विनवणी करतो. आपल्याच लोकांना रानटी म्हणून मग त्यांच्यासाठी रात्रंदिवस खपायचं, असा हा स्वभाव. एकूण तेरा नाटकं त्यानं अनुवादिली. त्यात ‘हॅम्लेट’, ‘मॅक्बेथ’, ‘किंग लिअर’ आहेत. उरलेली दहा त्याच्या मृत्यूनंतर लेखक इवान फ्रान्कोनं संपादून लव्हिवमध्ये छापली, 1899 ते 1902 च्या दरम्यान. बायरन, ग्योटे, शिलर, हाइने हे वेगळेच. अनुवाद नेहमी चांगले असतात असं नाही. जुने चर्चमधले जड शब्द आणि खेड्यातल्या आजीबाईच्या तोंडचे शब्द तो एकाच ओळीत बसवतो, त्यांचं एकमेकांशी पटो न पटो. पण उच्च भाषा तयारच नसताना ती हातांनी घडवायची, तर सामान याच दोन ठिकाणांहून आणावं लागणार होतं.

त्याच वर्षीच्या ईस्टरला त्यानं पोलिश आणि युक्रेनी लोकांना समेटाची हाक देणारी पुस्तिका काढली. नाव ‘क्राशान्का’, म्हणजे ईस्टरचं रंगवलेलं अंडं. पूर्वजांनी एकमेकांची मुंडकी उडवली, आता पुरे, असा मतितार्थ. विचार काळाच्या पुढचा होता, पण वॉर्सातली त्याची नोकरी लोक विसरले नव्हते, आणि युक्रेनी मठ जेझुइट या कॅथलिक संघाच्या ताब्यात देण्याचा निर्णय त्याच सुमारास झाल्यानं समेटाची हवाच गेली. कुणीच हात पुढं केला नाही. कुलिश वैतागून मोत्रोनिव्काला परतला.

मोत्रोनिव्का ही बायकोच्या माहेरची शेती. तिथली सगळी जबाबदारी तिची. ओलेक्सांद्रा स्वतः लेखिका होती. हान्ना बार्विनोक या नावानं तिनं खेड्यातल्या बायकांच्या गोष्टी लिहिल्या, दारुड्या नवऱ्यांच्या, मनाविरुद्ध झालेल्या लग्नांच्या. त्यांना मूल नव्हतं. नवरा अधूनमधून दुसऱ्या कुणाच्या तरी प्रेमात पडे, पत्रं लिही, परत येई. ती शेत सांभाळी. कुलिशनं त्या वस्तीला ‘हान्नाचा आश्रम’ असं नाव दिलं होतं. नाव देणं त्याला छान जमे.

आणि मग ती 1885 ची आग.

आगीतून काय वाचलं? जे आधी छापलं होतं ते. मोशेची पाच पुस्तकं, स्तोत्रं. बाकीचं पुन्हा करायचं. प्रकाशक दारात उभा नव्हता, साम्राज्यात छापायला बंदी होती, वाचक नाराज, मित्र दुरावलेले, पैसा नाही. या अवस्थेत कुठला शहाणा माणूस यहेज्केल उघडेल? मला वाटतं, जे अवगुण त्याला माणसांत बसू देत नव्हते तेच इथं कामी आले. आपण म्हणतो तेच खरं हा अहंकार, कुणाच्या पाठिंब्याची गरज नाही हा तोरा, आणि अपमान न विसरणं. भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही, या वाक्याला तो अजून उत्तर देत होता. वाक्य लिहिणारा वालुयेव्ह मंत्रिपदावरून कधीच उतरला होता. मोराचेव्स्की 1879 मध्ये वारला होता, त्याचं हस्तलिखित तसंच पडून. कुलिश लिहीत होता.

पंडिता रमाबाईंची इथं आठवण होते. केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल एकटीनं मराठीत आणलं, तिथल्याच बायकांनी खिळे जुळवले, छापलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. त्याही आपल्या माणसांतून जवळजवळ उठलेल्या होत्या. पुण्यानं त्यांना माफ केलं नव्हतं. पण त्यांच्या भोवती त्यांनी वाचवलेल्या मुलींचं गजबजलेलं घर होतं. कुलिशभोवती शेत होतं आणि हान्ना होती.

1897 च्या फेब्रुवारीत तो वारला. अनुवाद पुन्हा अपुराच राहिला, पण या वेळी उरलेलं काम थोडं होतं. ते कादंबरीकार इवान नेचुय-लेवित्स्कीनं पुरं केलं, काही भागावर पुलुयनं हात फिरवला, आणि 1903 मध्ये ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनं व्हिएन्नात युक्रेनीतलं पहिलं संपूर्ण बायबल छापलं. रशियात ते न्यायला तेव्हाही मनाई होती. बंधनं सैलावली ती 1905 च्या उठावानंतर. मोराचेव्स्कीची शुभवर्तमानंसुद्धा 1906 पासून छापून यायला लागली, तो गेल्यानंतर सत्तावीस वर्षांनी.

हान्ना 1911 पर्यंत जगली. नवऱ्याचं समग्र वाङ्मय निघावं म्हणून म्हातारपणी तिनं स्वतःचा पैसा घातला. तिच्या गोष्टी आज वाचल्या तर कुलिशच्या बऱ्याच कवितांपेक्षा जास्त जिवंत वाटतात, हे मात्र कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

1920 च्या दशकात मिकोला ख्विलोवी या तरुण, आगखाऊ कम्युनिस्ट लेखकानं जाहीर केलं की युक्रेनच्या सगळ्या काळोख्या भूतकाळात खरा युरोपीय असा एकटा कुलिशच. सोव्हिएत राजवटीला हे मत पटलं नाही आणि कुलिशची पुस्तकं पुढं अनेक दशकं अडगळीत राहिली. मला ख्विलोवीचं म्हणणं आवडतं, पण कुलिशला आवडलं असतं का, याची शंका आहे. 1861 मध्ये त्यानं ‘वस्तीवरून पत्रं’ या नावाची लेखमाला लिहिली होती. शहरांच्या नादी लागू नका, युरोपच्या सुधारणांमागं धावू नका, आपल्या शेतावर राहा, आपल्या आईची भाषा बोला, असा तिचा सगळा रोख. ती लिहून झाल्यावर याच माणसानं तेरा नाटकांचा शेक्सपिअर शेतावर आणला. हे विसंगत आहे असं ख्विलोवीनं त्याच्या तोंडावर म्हटलं असतं तर कुलिशनं त्यावरही एक खंड लिहिला असता, आणि शेवटी त्याच्याशीही बोलणं बंद केलं असतं.